ताई, मे महिन्यात विहीर मोजून आलो

ताई, तू गेलीस त्या सकाळी दवाखाना तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर होता. रस्ता मोकळा होता, ऑटो दारातच मिळाला, डॉक्टर जागेवर होते. गावं तपासायला आपण जो तक्ता केला होता, त्यात ‘दवाखाना’ या रकान्याला मी सगळ्यांत जास्त वजन दिलं होतं. तुलनेसाठी नागपूरही त्यात घेतलं होतं. त्या रकान्यात नागपूरला पैकीच्या पैकी गुण होते.

त्या गुणांचा उपयोग झाला नाही. हे मी कोणावर रागावून लिहीत नाही, सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं. नोंद करतो आहे इतकंच, कारण तू असतीस तर हीच गोष्ट सगळ्यांत आधी मला ऐकवली असतीस. “पाह्यला ना गा तुझा दवाखाना?” असं म्हणून हसली असतीस. मी म्हणालो असतो की एका घटनेवरून अख्खा रकाना बाद होत नाही, आणि आपला वाद परत पहिल्यापासून सुरू झाला असता.

आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. तू समोर नसलीस की माझे मुद्दे फार लवकर जिंकतात. त्यात काही मजा नाही.

मयूरी पुण्याला परत जायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसली होती. “मामा, तुम्ही आणि आई दर रविवारी बसनं फिरत होतात, ते आई नेमकं काय शोधत होती?” मी तिला सांगायला लागलो आणि अडकलो. जमीन शोधत होती म्हणावं तर ते खरं, पण अर्धंच. म्हणून आधी तुलाच सांगून बघतो. चुकलं की तू मधेच अडवतेस, या भरवशावर मी आजवर बोलत आलो आहे.

सुरुवात त्या सप्टेंबरातली, धरमपेठेमागच्या तुझ्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत नाल्याचं पाणी शिरलं तेव्हाची. तू आमच्याकडे आलीस ती गॅसची शेगडी काखेत घेऊन. अंगावरच्या लुगड्याशिवाय दुसरं काही नाही, फक्त शेगडी. रंजना म्हणाली, “ताई, शेगडी आहे ना आमच्याकडे.” तू म्हणालीस, “असू दे वं. तिले कोणं पाहिलं असतं तिकडे?”

आमची वीज गेली होती. वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून नळ कोरडे, आणि मोबाईल तर दुपारीच मेले होते. अर्धं शहर पाण्यात, आणि आपण प्यायचं एक पिंप जपून वापरत होतो. टाळेबंदीत तू त्या खोल्यांत एकटी राहिलीस तेव्हा काही बोलली नव्हतीस. या वेळी बोललीस.

“गोदामात साहेबाले सांगते ना तू, कोणती गोळी किती दिवस पुरते म्हणून? मंग आपण किती दिवस पुरतो ते सांग.”

औषधांच्या गोदामात स्टॉक सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे प्रश्न मला आवडला. मी उठलो, डबे उघडून बघितले, सिलिंडर हलवून बघितला. तांदूळ महिनाभराचा होता, गहू त्याहून जास्त, गॅस आठवडाभराचा. पाणी दोन दिवसांचं.

“म्हणजे दोन दिवस,” मी म्हणालो.

“अन् तांदूळ?”

“तांदूळ शिजवणार कशात? सगळ्यांत आधी जे संपतं, तोच खरा आकडा.”

हे वाक्य तुला इतकं पटलं की तू ते पाठ करून ठेवलंस, आणि पुढे दीड वर्ष माझ्याच विरुद्ध वापरलंस.

ठरलं ते असं. नागपूर सोडायचं नाही. पण बसनं दोन-अडीच तासांवर अशी एक जागा हवी, जिथं शहर बंद पडलं तर आपलं कुटुंब वर्षभर निभावून नेईल. स्वतःचं पाणी, स्वतःचं धान्य, भाजी, जळण. माणसं पाच: तू, मी, रंजना, आमचा पोरगा आणि मयूरी. मयूरी पुण्यात नोकरीला आहे, तिला कशाला धरायचं, असं मी म्हटलं तर तू म्हणालीस, “संकट आलं की पोर घरीच येते. धर तिले.” धरली.

मग मी रकाने काढले. मे महिन्यातलं पाणी, पूर कुठवर येतो, दवाखाना, पावसाळ्यातला रस्ता, माती, जळण, वीज गेली तर काय, जंगली जनावरं. शेवटी शेजार. शंभरपैकी शेजाराला मी पाच गुण ठेवले होते.

“पाच? वाघाले दहा देऊन राहिला अन् माणसाले पाच?”

“वाघ आहे की नाही ते सांगता येतं. माणूस कसा मोजायचा?”

“मोजते मी,” तू म्हणालीस. एवढंच. कसं मोजणार ते सांगितलं नाहीस.

तू एसटीत कंडक्टर होतीस, आयुष्य उमरेडच्याच रस्त्यावर काढलेलं, पण तुला प्रवासी म्हणून बसता येत नव्हतं. बस उमरेडच्या पुढे गेली की तुझी मान दर थांब्याला दाराकडे वळायची. कोणी पायरीवर उभा राहिला की तू जागेवरूनच ओरडायचीस, “भाऊ, आत सरका, आत मोकळं आहे.” नवा कंडक्टर वळून बघायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचो. गावांबद्दल तुला विचारलं की तू शिवाराचं सांगायची नाहीस, बसचं सांगायचीस. इथं एकदा भर उन्हात टायर बसला होता, तर बाया घागरी घेऊन आल्या. तिथं गाडी बंद पडली तर पोरं हसत उभी राहिली. मी म्हणायचो की ही माहिती जुनी आहे, आजच्या तक्त्यात चालणार नाही. तू म्हणायचीस, “पाण्याची पातळी दर वर्षी बदलते. गावाचा सोभाव इतका लवकर नाही बदलत गा.”

उमरेडच्या बाजूचं एक गाव आपण आधी बघितलं. माती चांगली, रस्ता तर फारच चांगला. पण खाण जवळ होती, आणि आपण ओसरीवर बसलेलो असताना तिकडे सुरुंग उडाला तशी मांडणीवरची भांडी वाजली. घरच्या बाईनं बोलणं न थांबवता एक ताट हातानं धरून ठेवलं. जंगलाच्या बाजूच्या गावात मी एका म्हाताऱ्यांना वाघाचं विचारलं. ते म्हणाले, “वाघ हाये ना. पण तो बिचारा कधीमधी येते. डुकरं रोज येतात. तुमच्या कागदात डुकरं लिहा.” मी लिहिली. तू परतीच्या बसमध्ये डोळे पुसेपर्यंत हसत होतीस.

आणि मग ते गाव. नाव लिहीत नाही. माझ्या तक्त्यात ते सगळ्यांत वर होतं. नदीपासून उंचावर, बारमाही विहीर, डांबरी रस्ता, जवळच डॉक्टर. आपण ज्या घरी गेलो त्यांचं अंगण मोठं होतं आणि माणसं अदबीची होती. तू नेहमीप्रमाणे पाणी मागितलंस. स्टीलच्या ग्लासात आलं. पिऊन झाल्यावर तू नेहमीप्रमाणे आपलं आडनाव सांगितलंस, आम्ही बौद्ध, आजोबा या भागातलेच, दीक्षेनंतर नागपूरला गेले, हेही सांगितलंस. घरमालक म्हणाले, “हो का, छान छान.” मी त्यांना विहिरीची खोली विचारत होतो. थोड्या वेळानं तू म्हणालीस, “आणखी थोडं पाणी देता का?”

पाणी आलं. तितकंच थंड. पण या वेळी प्लॅस्टिकच्या ग्लासात, लग्नाकार्यात उरतात तसल्या. तुझा आधीचा स्टीलचा ग्लास तू ठेवला होतास तिथंच, भिंतीशी होता. आपण निघेपर्यंत तो उचलायला कोणी आलं नाही.

थांब्यावर उभे असताना तू विचारलंस, “किती झाले गुण?”

“ब्याऐंशी. एवढे कोणालाच नाहीत.”

“ग्लास पाह्यले का?”

मला आधी कळलंच नाही. मग तू सांगितलंस, एकदाच, अगदी साध्या आवाजात. पहिला ग्लास कोणीही देतं. आडनाव सांगितल्यावरचा दुसरा ग्लास बघायचा असतो. इतके रविवार मला वाटत होतं की तुला तहान फार लागते.

मी वाद घातलाच. म्हणालो, तोंडावर कोणी काही बोललं नाही. कायदा आहे. आपल्याला त्यांच्याकडे जेवायला जायचं नाही, स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायचं आहे.

“सुखात कोणी काही बोलत नाही गा. आपण काय सुखासाठी गाव पाहून राहिलो? उद्या तुझी विहीर आटली, टँकर आला, तं रांगेत आपण कुठं उभं राहू, ते त्या ग्लासानं सांगितलं.” मग म्हणालीस, “सगळ्यांत आधी जे संपते तोच खरा आकडा, असं तूच म्हणत होता ना? मंग इकडे बेरीज काहून करून राहिला?”

ताई, तुझं बरोबर होतं. डब्यांचा हिशेब करताना मी सगळ्यांत कमी आकडा धरला होता आणि गावांचा करताना सगळे आकडे मिळवत होतो. स्टॉक बघणाऱ्या माणसाला ही चूक शोभत नाही. पण तेव्हा मी कबूल केलं नाही, मी विषय आजोबांवर नेला.

मी म्हणालो, आजोबांनी गाव सोडलं ते उगाच नाही. त्यांच्यासाठी पूर, दुष्काळ, साथ ही संकटं नंतरची. पहिलं संकट गावच होतं. नागपूर हीच त्यांची तयारी होती. इथं नळाला नाव नसतं, बसमध्ये सीटला नाव नसतं. तीन पिढ्यांची तयारी मोडून तू आम्हाला परत तिकडे न्यायला निघालीस.

बस आली, आपण चढलो, तू खिडकीशी बसलीस. पुढचे दोन थांबे दाराकडेही बघितलं नाहीस. मला वाटलं मी जिंकलो. मग भरल्या बसमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तू म्हणालीस, “आजोबाले गाव निवडता आलं नाही. जन्मले तिथं होते. म्हणून सोडलं. मी निवडून राहिली ना? निवडता येते, हेच तं त्यांनी कमावलं.”

समोरच्या सीटवरची बाई वळून तुझ्याकडे बघत राहिली. तू तिला विचारलंस, “कुठं उतरायचं आहे तुम्हाला?”

पारबताबाईंच्या गावाला आपण चुकून पोचलो, हे तू कधी मान्य केलं नाहीस. पण चुकूनच. भिवापूरच्या पुढची दुसरी बस चुकली आणि जी मिळाली तिच्यात आपण बसलो. गावात शिरलो तेव्हा मिरच्या वाळत होत्या, अंगणं लाल झाली होती आणि मला शिंका आवरेनात. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी, याच पारबताबाई, मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी शिंकत शिंकत विचारायला लागलो. पाणी मे महिन्यात पुरतं का, पूर येतो का, घरं किती, शेजारी कसे, भांडणं होतात का. तू पाणी मागितलंस, प्यायलीस, आणि आडनाव सांगायला लागलीस.

म्हातारीनं हातातली मिरची खाली ठेवली. “आडनाव काहून सांगून राहिली वं? पोरगी पाहाले आले का तुम्ही?”

तू म्हणालीस, “नाही, नाही.”

“मंग पाणी विचारता, घर विचारता, शेजार विचारता. मले वाटलं स्थळ घेऊन आले. शेजारच्या पोरीचं पाहून राहिले आम्ही. पोरगा काय करते?”

“पोरगा नाही हो, जमीन पाहायला आलो,” मी म्हणालो आणि शिंकलो.

“जमिनीसाठी इतकी चौकशी? आमचं लग्न झालं तं कोणी एवढं नाही विचारलं.”

तू हसत हसत म्हणालीस, “आणखी थोडं पाणी देता का?”

म्हातारीनं आतल्या बाजूला मान वळवून दाखवली. “तो पाह्य माठ. घे आपल्या हातानं. माहे हात मिरचीचे हायेत.”

मी तुझ्याकडे बघितलं. तू उठून आत गेलीस, माठावरचं झाकण काढलंस, ओगराळं बुडवून पाणी घेतलंस. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. कंडक्टर होतीस, चेहरा सांभाळायची सवय होती. पण तू त्यांच्यासमोर बसलीस आणि न विचारता देठं खुडायला लागलीस. आपली ती परतीची बस गेली. त्यानंतरचीही गेली. हातांची आग थांबेना म्हणून दोघी जणी ताकाच्या भांड्यात बोटं बुडवून बसल्या होत्या, आणि त्याच बसलेल्या अवस्थेत पारबताबाईंनी सांगितलं की त्यांचा रस्त्याकडचा दीड एकर त्यांना झेपत नाही, विकायचा आहे, पण घेणारा रोज दिसणारा पाहिजे.

माझ्या तक्त्यात त्या गावाला चोपन्न गुण पडले. दवाखाना लांब, पावसाळ्यात मधला नाला रस्त्यावर येतो, मोबाईलला अर्ध्या गावात रेंज नाही. त्या दीड एकरातल्या विहिरीत हिवाळ्यात पाणी दिसत होतं, पण उन्हाळ्यातलं कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

“हेच,” तू म्हणालीस.

“मे महिना बघू दे,” मी म्हणालो.

तू भांडली नाहीस, याचंच मला नवल वाटलं. म्हणालीस, “बरं. मे पाहू. तुझ्या मनासारखं मोज. पण मोजायले तू यायचं, मी एकटी नाही मोजणार.” पारबताबाईंनाही तू सांगितलंस की भाऊ मे महिन्यात विहीर मोजेल आणि मग हो की नाही ते सांगेल, तोवर दुसऱ्याला देऊ नका. त्या म्हणाल्या, “मोजू दे बाप्पा. पाण्याले काय लाज हाये?”

मधले महिने तू रविवारी एकटीही जायला लागलीस. जाताना रंजनाकडून जुन्या चादरी न्यायचीस, येताना मिरच्या आणायचीस. रोज सकाळी तुमचा फोन व्हायचा. दोन बायकांचं रोज इतकं काय बोलणं असतं, असं मी एकदा विचारलं तर म्हणालीस, “तुझ्या पाच गुणांचं बोलतो आम्ही.”

आणि एप्रिल संपायच्या आत तू गेलीस.

पारबताबाईंचा फोन त्या सकाळीही आला. नेहमीच्या वेळी. तुझा मोबाईल माझ्या खिशात होता, मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर होतो. त्या म्हणाल्या, “उठली का वं?” मी सांगितलं. मग फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली.

दुपारी त्या आपल्या दारात होत्या. सोबत गावातल्या दोन बाया, हातात दोन मोठे डबे. कोणाला पत्ता विचारला, कुठली बस धरली, मला माहीत नाही. आपल्या इमारतीतली माणसंही चांगली आहेत ताई, ते लिहायला हवं. खालच्यांनी खुर्च्या दिल्या, वरच्यांनी चहा केला, ऑटोवाल्यानं पैसे घेतले नाहीत. पण पारबताबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. रंजनाला उठू दिलं नाही. भाकरी, वरण, वांग्याची भाजी घरूनच करून आणली होती. ताटं शोधून काढली आणि सगळ्यांना वाढलं. मी नको म्हणालो. माझ्यासमोर ताट ठेवून त्या म्हणाल्या, “खा गा भाऊ. उपाशी राहून ती परत येत असती तं आम्हीच नसतो जेवलो.”

मी जेवलो. मग त्या तिघी जेवल्या, आमच्याच ताटांत, जमिनीवर बसून. जेवण झाल्यावर पारबताबाई उठल्या, आमच्या माठाचं झाकण काढलं, हातानं पाणी घेतलं आणि प्यायल्या. कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं, कारण कुठं बघायचं ते तू शिकवलं होतंस.

त्या गेल्यावर रंजना म्हणाली, “मला गाव नको आहे, तुम्हाला माहीत आहे. पण त्या बाई मला पाहिजेत.” तिच्याकडून हे आलं, म्हणून लिहून ठेवतो. इतके दिवस ती म्हणत होती की ताईंना हौस आहे, तुम्ही कशाला वाहवत जाता.

मी वाहवत गेलो नव्हतो ताई. हे तुला सांगायचं राहिलं. दर वेळी मी एखादा नवा रकाना काढायचो. वादळात छप्पर टिकेल का, गुरांचा डॉक्टर येतो का, माकडं किती. तू वैतागायचीस, “अजून काय राहिलं गा?” काही राहिलं नव्हतं. लग्नानंतर तू ड्यूटीवर, मी गोदामात, आपण दिवाळीला भेटणारे बहीणभाऊ झालो होतो. त्या बसमुळे मला माझी बहीण परत मिळाली होती, आणि गाव पक्कं झालं असतं तर फिरणं संपलं असतं. हे बोलायचं म्हणजे कसं बोलायचं ते मला येत नाही. मला रकाने काढता येतात.

मे महिन्यात मी गेलो. कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं मोजमाप मी टाळत नाही. विहीर मोजायची माझी पद्धत तुला माहीत होती. आहे ते पाणी उपसून खाली आणायचं, खूण करायची, आणि रात्रभरात झऱ्यानं किती भरून येतं ते सकाळी बघायचं. विहिरीत साठलेलं पाणी फसवतं, येणारं पाणी खरं. पारबताबाईंनी पंप लावून दिला आणि बांधावर बसून राहिल्या. “तुही ताई असती तं म्हणली असती, मोजू नको, पी अन् पाह्य,” असं एकदा म्हणाल्या. रात्री त्यांच्या ओट्यावर झोपलो.

सकाळी दोर सोडला. किती पाणी भरून आलं त्याचा आकडा काढला, त्यातून भाजीच्या वाफ्यांचं आणि एका गाईचं वजा केलं, उरलं ते माणशी भागलं. पाचानं भागलं तेव्हा पुरत नव्हतं. फार नाही, थोडंच कमी. मग हाताच्या सवयीनं मी चारानं भागून बघितलं. पुरलं. अगदी बरोबर पुरलं.

गोदामात हे मी रोज करतो. माल तितकाच राहिला आणि घेणारा एक कमी झाला, तर माल पुरतो. त्यात कोणाला काही वाटण्यासारखं नसतं. त्या विहिरीच्या काठावर मी तो भागाकार बघत उभा राहिलो, ताई, आणि मला तो खरा मानता येईना. आकडा बरोबर होता. तरी मी त्याच्यावर रेघ मारली.

पारबताबाई जवळ आल्या. “पुरते का?”

“नाही. थोडं कमी पडतं.”

“मोजण्यात चूक तं नाही ना?”

“नाही. पाच माणसांना कमी पडतं.”

त्यांना आपल्या घरची माणसं माहीत आहेत. आता किती आहेत तेही माहीत आहे. त्या विहिरीत वाकून बघत राहिल्या. मला वाटलं, आता दुरुस्त करतील.

“पाचाले ना?” त्या म्हणाल्या. “मंग त्या एकीचं पाणी माह्या विहिरीवरून नेत जा.”

मी हो म्हणालो.